शेत मी बुडवलं नाही

मी एक जुना सारीपाट आहे, आणि मित्रांनो, पुढचं काही सांगायच्या आधी एक गोष्ट ठासून सांगतो. मी कुणाचंही शेत बुडवलेलं नाही. आमच्या गावात आजही एखादं पोर सोंगट्या घेऊन बसलं की म्हातारी माणसं डाफरतात, "ठेव तो पट. पटानंच गाव खारवलं." गेली आठ वर्षं मी हे निमूट ऐकतो आहे. कापडाला तोंड नसतं म्हणून त्याच्यावर कुणी काहीही लादावं, हा कुठला न्याय? आज मी सगळं सांगून टाकणार आहे. ज्याला राग येईल त्याला खुशाल येऊ दे.

माझा जन्म उरणच्या बाजूला, मिठागराजवळच्या एका घरात झाला. केसर नावाच्या मुलीने मला शिवलं. तिचा बाप धर्मा मिठागरावर राबायचा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तिथली माणसं झोपडीच्या सावलीत सोंगट्या खेळत, आणि बापाची भाकरी घेऊन गेलेली केसर मागे उभी राहून डाव बघत असे. बघता बघता ती असं खेळू लागली की मोठमोठे गडी तिच्यासमोर बसायला कां कूं करत. लग्न ठरल्यावर तिने खणाचे उरलेसुरले तुकडे जमवले. मध्ये लाल घर, चार बाजूंना चार पट्ट्या आणि त्यांवर पांढऱ्या दोऱ्याने आखलेली घरं. रुखवतात मला मधोमध मांडलं होतं. लाडू-करंज्या सोडून बायका मला न्याहाळत होत्या. फुशारकी म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून सांगतो.

वैशाखात आम्ही खाडीपलीकडच्या सासरी आलो. आम्ही म्हणजे केसर आणि मी. नवरा शिवदास स्वभावाने हसरा, हाताचा कसबी. लाकूड कोरायचा त्याला भारी नाद. मला बघताच त्याने खाडीकाठच्या तिवराच्या झाडाचं लाकूड आणलं आणि चार दिवसांत सोळा सोंगट्या कोरल्या. केसरने त्या हळदीने, कुंकवाने, काजळाने आणि पानांच्या रसाने रंगवल्या. कवड्या दोघांनी मिळून किनाऱ्यावरून वेचून आणल्या. मग काय, कामं आटोपली की ओटीवर मी पसरलेला आणि माझ्या दोन बाजूंना ते दोघे. दान मनासारखं पडलं की शिवदास मांडीवर थाप मारायचा. केसर मात्र काही न बोलता त्याची सोंगटी मारायची आणि पदराआड हसायची.

त्यांची एक पैज असायची. जो हरेल त्याने विहिरीवरून पाणी आणायचं. आता हरायचं कुणी, हे काय सांगायला हवं? शिवदास खांद्यावर हंडा घेऊन विहिरीवर जायचा आणि तिथल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट तोच सांगायचा, "बायकू जिकली माजी." पण त्याची आई ठमाबाई मनात धुमसायची. मुलगा पाणी भरतो आणि सून कवड्या फेकते, हे तिला बघवेना. तिचा राग सुनेवर होता, पण डोळे वटारायची ती माझ्याकडे. पुढे जे झालं त्याची पहिली ठिणगी ही.

आता उघाडी म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर माझी बाजू तुम्हाला कळायची नाही. आमची भातशेती खाडीला लागून. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा मोठा बांध, आणि त्या बांधात एक दगडी मोरी, तिला लाकडी फळी. तीच उघाडी. ओहोटीला फळी उचलायची म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीचं पाणी लागायच्या आत फळी खाली टाकायची. गावातली घरं पाळीपाळीने हे काम करत. घड्याळ कुणाकडे? भरती तिथीवरून ओळखायची. एक तिथी पुढे गेली की पाणी दोन घटका उशिरा येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या वर्षी श्रावणातली पौर्णिमा दोन दिवस होती. पहिल्या दिवशी लोकांनी दर्यात नारळ सोडले. दुसऱ्या दिवशीही पौर्णिमाच होती, पण नारळ सोडून झाल्यावर पुरुषमाणसांच्या लेखी पौर्णिमा संपली. तिसऱ्या दिवशी उघाडीची पाळी शिवदासची. चौथ्या दिवशीही त्याचीच. तिसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ सदा त्याच्या जागी उभा राहिला, कारण शिवदास छपराची गळती काढत होता; म्हणून पाणी केव्हा लागलं ते त्याने पाहिलंच नाही. चौथ्या दिवशी सकाळी शिवदासने स्वतः जाऊन फळी उचलली, घरी आला आणि पाऊस कोसळत होता म्हणून मला ओटीवर पसरलं. ठमाबाई बाजाराला गेली होती.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण याला साक्षीदार मी एकटा आहे.

खाडीतून रोज ठरल्या वेळी जाणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकू आला. केसरने कवड्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "उठा. पानी लागंल."

"अगो, आज तीज," शिवदास म्हणाला. त्याने नारळाच्या दिवसापासून बोटांवर मोजलं होतं. "अजून दोन घटका हायत."

"तीज उद्या हाय. आज बीज. चतुर्थीचा उपास कवा ते जोशीबुवाला इचारलंय मी. पुनव दोन दिस व्हती."

"पुनव एकच असती. बस, येक डाव. आज तुजी पाळी पानी भरायची."

केसर पुन्हा म्हणाली, "उठा." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज चढला होता. तिने सोंगट्या गोळा करायला हात घातला, तर त्याने हसत तिचा हात बाजूला केला. तो पहिल्यांदाच जिंकत होता ना. जिंकायची एवढी हाव सुटली की बायको काय सांगते ते कानातच शिरेना. शेवटी केसर स्वतःच इरलं घेऊन निघाली, तेव्हा कुठे तो धावला.

उशीर झाला होता. उधाणाचं पाणी मोरीतून असं घुसत होतं की फळी खाली जाईना. दोघांनी जोर लावला, मग सदा आला, आणखी चार माणसं आली. तेवढ्यात मोरीच्या बाजूचा बांध खचला आणि मोठी खांड पडली. बघता बघता हिरवीगार शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. एका घराची नव्हे, साऱ्या गावाची.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमलं. केसर भिजलेलं लुगडं सावरत बायकांमध्ये खांबाआड उभी होती आणि सासूच्या हाती लागू नये म्हणून तिच्या काखेत मी होतो. गावचा जाणता अनंता, त्याला सगळे अनंतादादा म्हणत, त्याने शिवदासला विचारलं, "पाळी तुजी. गेला कुटं व्हतास?"

शिवदासच्या आधी ठमाबाईच बोलली. "त्याला काय इचारता? सुनेनं पट मांडला आनि नवऱ्याला उठूच दिला न्हाय. तिला खेळाचा नाद, आनि गाव उपाशी."

मी वाट बघत होतो. आता शिवदास बोलेल. आता म्हणेल की ती तीनदा म्हणाली होती, उठा. पण हा गडी खाली मान घालून, तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. चार महिन्यांची नवी सून जाणत्यांसमोर तोंड कशी उघडणार? ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मला त्या वेळी इतका संताप आला की माझे टाके उसवतील असं वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

ठमाबाईने तिथल्या तिथे सांगितलं, "बापाकडं जा. शेत पिकंल तवा ये." खारवलेली जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मला चुलीत घालायचंही ठरलं होतं, पण केसरने मला सोडलं नाही. आम्ही होडीतून खाडी ओलांडली.

धर्माने लेकीला काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तिनेच सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "जावय येल." आणि जावई आला, गौरी गेल्यावर. चेहरा उतरलेला, बांधाच्या मातीने हातांना भेगा. चुलीपाशी बसून तो केसरला हलक्या आवाजात म्हणाला, "चुकी माजी व्हती. चल घरा."

केसर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "हितं कशाला सांगता?" ती म्हणाली. "हितं मना कोनी बोल लावला न्हाय."

घरातल्या घरात चूक कबूल करणं किती सोपं असतं, मित्रांनो. डाळीत मीठ जास्त पडलं म्हणावं, तितकं सोपं. पण ज्या देवळात गप्प बसला, त्या देवळात बोलायचं म्हणजे आई समोर, सदा समोर, ज्यांची शेतं गेली ते सगळे समोर. शिवदास निघून गेला, तेव्हा मला वाटलं की संपलं सगळं. केसरलाही तसंच वाटलं असावं, कारण ती त्या दिवशी जेवली नाही.

चार दिवसांनी खाडीपलीकडून सासरची शेजारीण चंद्राबाई आली. "चल," ती म्हणाली, "शिवदासनं गाव जमवलंय. तू आल्याबिगर बोलनार न्हाय म्हनतो."

आम्ही गेलो. या वेळी केसर खांबाआड उभी राहिली नाही. शिवदास उभा राहिला आणि शब्द न् शब्द स्पष्ट बोलला. "तिथी मी चुकलो. ती तीनदा उठा म्हनली. मी बसलो. फळी टाकायला आदी ती निघाली. आनि त्या दिवशी हितं मी गप बसलो, ती माजी मोटी चुकी." ठमाबाईने डोळ्यांना पदर लावला. मग उठून तिने सुनेचा हात धरला आणि तिला आपल्याजवळ बसवलं.

"झालं, मिटलं," अनंतादादा म्हणाला आणि उठू लागला.

"न्हाय मिटलं," केसर म्हणाली. सगळे थबकले. तिने मला सगळ्यांसमोर जमिनीवर पसरलं. "पटावर बी बोल लावलाव. त्यानं काय केलंय?"

लोक हसले. हसत हसत उठले आणि बांधाच्या कामाला गेले. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि म्हणूनच मी आजवर बदनाम आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या जागी तुम्ही असता तर चिडला नसता?

मित्रांनो, मी आता विरलो आहे. एक पट्टी उंदराने कुरतडली आहे. मला वर्षातून एकदा ऊन दाखवा आणि माझ्यावर गरम टोप ठेवू नका, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी. बाकी मला काय जपायचं ते जपा किंवा नका जपू. पण माणसाला जपा. चारचौघांत कुणावर आळ घेतलात आणि तो खोटा निघाला, तर तो चारचौघांतच पुसा. चुलीपाशी पुटपुटून तो जात नाही.

त्या दिवशी देवळातून घरी आल्यावर केसरने मला आत नेलं नाही. भर दुपारी ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत पसरलं, सोंगट्या मांडल्या आणि शिवदासच्या हातात कवड्या दिल्या. म्हणाली, "टाका."