मांडीवर मावणारी गिटार

साहेब, माझी मान तुमच्या पाटीनं मोडली. तुम्ही मला कधी पाहिलंही नाहीत. बस डेपोच्या वरच्या मजल्यावर बसून तुम्ही एक ओळ लिहिलीत, रंगाऱ्यानं ती पत्र्यावर उतरवली, शिपायानं तो पत्रा सामानाच्या खिडकीवर ठोकला आणि त्या ओळीच्या जोरावर मला डिकीत ढकललं गेलं. माझं म्हणणं ऐकून घ्यायला तुमच्या डेपोत कुणी रिकामं नाही. म्हणून ते मी मुलांना सांगते आहे. मुलं निदान मधेच फोन उचलत नाहीत.

मित्रांनो, मी एक छोटी गिटार आहे. 'जुनी' म्हणावं एवढं माझं वय नाही, पण मोडक्या वस्तूचं वय कोण विचारतं?

मोठ्या गिटारी जिथे जन्मतात त्याच टेबलावर माझा जन्म झाला. तेच लाकूड, तोच सरस, तशाच सहा तारा. फक्त मान आखूड आणि पोट बेताचं. तारा चढवणारा कारागीर मला उलटीसुलटी करून शेजारच्याला म्हणाला, "हिला अजून दात यायचेत." सगळे हसले. तेव्हापासून जो उठला तो मला खेळणं म्हणत आला. दुकानात मला प्लास्टिकचे ढोल आणि शिट्ट्या यांच्या रांगेत टांगलं होतं. एका बापानं तर रडणाऱ्या पोराला गप्प करायला मला खाली काढून दिली आणि त्यानं मला फरशीवर बडवली. बापानं "अरे अरे" एवढंच केलं. मोठ्या गिटारीला कुणी असं बडवू दिलं असतं का?

एक दिवस दुकानात ताई आल्या. त्यांच्या काखेत पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, मधोमध चौकोन कापलेला. बस डेपोच्या खिडकीपाशी लोखंडी चौकट असते ना, जिच्यातून आरपार गेलेलं सामान आपल्याजवळ ठेवता येतं, तिचं माप त्यांनी घरी उतरवून आणलं होतं. ताईंचं काम गावोगाव फिरून बोलणं शिकवायचं. ज्यांना अर्धांगवायूचा झटका येतो आणि बोलणं आत अडकून पडतं, अशा मोठ्या माणसांना. त्यातल्या काहींना साधा शब्द उच्चारता येत नाही, पण तोच शब्द दोन सुरांत घालून दिला आणि हातानं ठेका धरायला लावला, की हळूहळू बाहेर पडतो. त्यासाठी त्यांना गिटार हवी होती.

दुकानदारानं आधी घडीची गिटार काढली. "प्रवासालाच बनवलीय, ताई. मान दुमडून पोटाशी येते."

"उलगडून सुरात यायला किती वेळ घेते?"

"फार नाही. चहा होईस्तोवर."

"तोवर माझा पेशंट झोपी जाईल."

मग त्यानं एक सडपातळ काढली. नुसता दांडा, पोट नाही, डोकं नाही. "डोकंच नाही म्हटल्यावर मोडणार काय हिचं?"

"पण वायर जोडल्याशिवाय ही बोलणार नाही. आणि मी जाते त्या घरांत प्लग सापडायला आधी पलंग सरकवावा लागतो. ती कोपऱ्यातली द्या."

"ती? ती पोरांची आहे हो. आवाज खोलीबाहेर जात नाही."

"मला तो खोलीबाहेर न्यायचाच नाहीये."

ताईंनी मला पुठ्ठ्याच्या चौकोनातून आरपार काढली. मग गुडघे जुळवून, बसच्या सीटवर बसतात तशा स्टुलावर बसून वाजवून पाहिली. मग सुरात लावली, पिशवीत घातली, दुकानाचा जिना दणादणा उतरल्या, तशाच चढून आल्या आणि पुन्हा तार छेडली. माझा सूर जागचा हलला नव्हता. दुकानदार म्हणाला, "मुलगी बघायला आल्यासारखं करताय."

"मुलगी बघताना एवढं कुणी बघत नाही," ताई म्हणाल्या.

इतकं पारखून मला कुणी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ताईंच्या मांडीवरून प्रवास केला. चौकटीतून आरपार जायचं आणि मांडीवर बसायचं. कधी कुणाला माझा कोपरा लागला नाही, कधी कुणाची झोप मोडली नाही.

त्या फिरतीत आम्हाला न्हावीकाका भेटले. खाली त्यांचं दुकान, वर राहायची खोली. ज्या माणसानं आख्ख्या गल्लीच्या डोक्यावर कात्री चालवता चालवता आख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगितल्या, त्याला झटक्यानंतर एकच शब्द उरला होता. "आयला." पाणी हवं, आयला. दार लावा, आयला. नाव काय, तर तेही आयला. उजवा हातही लुळा पडला होता. दुकान त्यांचा जोडीदार चालवत होता आणि काका वरच्या खिडकीतून खालची गिऱ्हाइकं बघत बसायचे.

त्यांचा मुलगा दूर नोकरीला. वाईट नव्हता तो, बापाच्या काळजीनं त्याचं अर्धं डोकं पिकलं होतं. मला पाहून म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण या खेळण्यानं बाबा बोलतील?"

"हे खेळणं नाही. माझ्या कामाचं हत्यार आहे."

ताई मला काकांच्या मांडीवर आडवी ठेवायच्या. त्यांचा चांगला डावा हात माझ्या पोटावर, ताईंचा हात तारांवर. एक वरचा सूर, एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला एक थाप. पा-णी-दे. दा-र-ला-व. किती फेऱ्या नुसत्या "आयला"तच गेल्या. मग एकदा पाणी आलं. मग दार आलं. आणि एका सकाळी काका ताईंच्या डोक्याकडे टक लावून, थापा मारत, सुरात म्हणाले, "के-स-वा-ढ-ले-त." ताई एवढ्या हसल्या की खालून जोडीदार विचारायला आला.

पण मुलाची भीती खोटी नव्हती. "बरं-वाईट झालं तर हाक कशी मारणार ते? मी त्यांना संस्थेत ठेवतो. तिथे माणसं आहेत." काकांनी मान हलवली, पण मान हलवलेली धरत नाहीत, मित्रांनो. झटक्यानंतर माणूस 'हो'च्या जागी 'नाही'ची मान हलवतो, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणून ठरलं की दवाखान्यातर्फे एक बाई येतील आणि काकांनाच विचारतील, कुठे राहायचंय. त्यांनी तोंडानं स्पष्ट सांगितलं तर तसं होईल. नाहीतर मुलगा ठरवेल.

आम्ही एकच वाक्य घोटत राहिलो. मला इथंच राहायचंय.

बाई येणार होत्या त्या दिवशी डेपोत तुमची नवी पाटी लागलेली होती, साहेब. 'वाद्ये डिकीतच ठेवावीत.' लोखंडी चौकट जागच्या जागी होती, मी तिच्यातून आरपार गेले, तरी खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, वाद्य वर नाही चालत आता."

"माप तर बरोबर आहे."

"मापाचं नाही हो. कुणीतरी बसमध्ये वाजवत बसला, कुणीतरी तक्रार केली. आता वरून ऑर्डर आहे." तो जरा पुढे झुकला. "खेळणं आहे म्हणा. खेळण्यांना बंदी नाही. मी तसंच लिहितो."

मित्रांनो, जन्मभर ज्या शब्दानं माझा पाणउतारा केला, तोच शब्द त्या दिवशी मला वाचवणार होता. ताईंनी नुसती मान डोलवली असती तरी पुरलं असतं. पण त्या म्हणाल्या, "खेळणं नाहीये ते. आज त्याच्यावर एका माणसाचं घर अवलंबून आहे."

"मग तर खालीच," तो म्हणाला आणि त्यानं डिकीची चिठ्ठी फाडली.

ताईंना मी दोष देणार नाही. खरं बोलल्यावर शिक्षा होते अशी खिडकी ज्यानं बांधली, दोष त्याचा.

डिकीत माझ्यावर आधी एक ट्रंक आली, मग कसलीशी यंत्राची पेटी. रस्त्यात बसनं खड्डा घेतला आणि माझी मान खांद्यापासून तुटली. उतरल्यावर सामान काढणारा म्हणाला, "खाली ठेवलं म्हणजे वरचं पडणारच की." तो बिचारा खरं तेच बोलत होता.

काकांच्या खोलीत बाई येऊन बसल्या होत्या. चांगल्या स्वभावाच्या, पण पुढं दुसरीकडे जायचं असलेल्या. त्यांनी हळू विचारलं, "काका, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

"आयला," काका म्हणाले.

मुलानं खाली पाहिलं. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ताईंनी पिशवीची चेन उघडली आणि माझी मान तारांना लोंबकळत बाहेर आली.

मग काकांनी डावा हात पुढे केला. मला ओढून मांडीवर घेतली, लहान पोराला घेतात तशी, मानेखाली हात घालून. ताई सूर धरायला गेल्या तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. माझ्या पोटावर थाप पडली. पोट शाबूत होतं, मी साथ दिली. "म-ला... म-ला..." आणि अडकले. "आयला."

"राहू द्या बाबा," मुलगा म्हणाला.

काका पुन्हा पहिल्यापासून. थाप, थाप. "म-ला... इ-थं-च... रा-हा-यचं-य."

बाईंनी पेन उचललं. "इथंच म्हणजे दुकानावर? या घरात?"

"इ-थं-च," काका म्हणाले, आणि यावेळी थापही नव्हती. मुलगा उठून खिडकीपाशी गेला आणि त्यानं खालचं दुकान किती लांब आहे ते पाहिलं. मग म्हणाला, "खालपर्यंत ऐकू जाईल अशी एक घंटा लावून घेऊ मग."

सगळ्यांना वाटलं, झालं. काकांचा हात मात्र माझ्या तुटक्या खांद्यावरून फिरत होता. मग तो पोटावर आला आणि पुन्हा थापा सुरू झाल्या. ताईंनी असं कुठलंच वाक्य शिकवलं नव्हतं. "हि-ची... मा-न... कु-णी... मो-ड-ली?"

झटक्यानंतर त्या माणसानं विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

आता मी दुकानात आरशाशेजारी खिळ्यावर असते. मान सरसानं चिकटवली, पण तारांचा ताण ती सोसत नाही. काका सकाळी मला उतरवतात, थापा मारत गिऱ्हाइकांशी बोलतात, जमेल तेवढं, आणि मधेमधे आयला म्हणतात, पण आता ते मुद्दाम.

ताईंनी माझ्यासारखीच दुसरी घेतली आहे. तोच पुठ्ठा, तोच जिना. तीही चौकटीतून आरपार जाते आणि तरी डिकीत जाते. ताईंनी तुमच्याकडे तक्रार केली, पुन्हा विचारायला गेल्या, खिडकीतल्या माणसानं बोट वर दाखवलं आणि वरच्यानं खाली. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी लहानशी वस्तू कुणाच्या तरी मोठ्या कामाची असेल, तर तिला मांडीवर घ्या आणि तिचं खरं नाव सांगायला लाजू नका.

आणि साहेब, ज्याची अर्धी जीभ मेली होती त्यानं विचारल्यावर उत्तर दिलं, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करून दिलं. तुमची जीभ धडधाकट आहे. त्यानं तुम्हाला एकच प्रश्न विचारलाय. हिची मान कुणी मोडली?

बोला.