डाव्या बाजूचा दरवाजा

"लाव जोर, आणखी थोडा," म्हणत नाथा डेंटरने दरवाज्याला खांदा दिला. बबनने आतून हँडल ओढलं. दरवाजा पुढच्या खांबाला धडकला आणि बोटभर उघडाच राहिला.

मोरिवलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बबनच्या वडिलांची, भीमरावांची, जुनी, फुगीर नाकाची डुक्कर फियाट उभी होती. भीमराव कंपनीच्या साहेबाचे ड्रायव्हर. बबन तान्हा असताना साहेब गाव सोडून गेला आणि गाडी त्यांना देऊन गेला. "अजून एक ओरखडा नाही," हे ते ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. भीमराव वारले आणि पावसाळ्यात डावा दरवाजा गंजून हातात आला. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी आईला याच गाडीतून विहारात न्यायचं, असा बबनने चंग बांधला होता. आनंदनगरच्या कारखान्यातली पाळी संपली की तो दरवाज्याच्या मागे लागे.

पहिला आणला तो नंतरच्या मॉडेलचा निघाला, बिजागऱ्या पुढच्या बाजूला असलेला. जुन्या फियाटचा पुढचा दरवाजा मधल्या खांबावर टांगलेला असतो, हे घाईत तो विसरलाच. दुसरा उल्हासनगरच्या भंगारवाल्या सिंधी शेठकडचा.

"साईं, मारुती के जमाने में ये डुक्कर कायको पालता है?" शेठ हसला होता.

बबन हसला नाही. दरवाजा अस्सल होता, तरी बसला नाही. आजचा तिसरा, मांजर्लीत पुरात बुडालेल्या गाडीचा. तोही अस्सल.

नाथाने डोकं खाजवलं. मग कोपऱ्यातला जुना गंजका दरवाजा ओढून त्याने कडेचा रंग खरवडला. आत पत्रा कापून जोडल्याचा पितळेचा डाग दिसला.

"बबन्या, हा कापून लहान केलाय रे. खोट दरवाज्यात नाही, गाडीत आहे. पुढचा खांब मागे सरकलाय. गाडी चांगलीच ठोकलेली आहे."

"बाबांनी? शक्यच नाही!" बबनचा आवाज चढला. "बॉडीला हात लावायचा नाही. दरवाजा काप."

वडिलांच्या शब्दाला डाग लागलेला त्याला चालणार नव्हता. नाथाने करवत उचलली.

"थांब रे, नाथा."

बबनला जेवायला बोलवायला आलेली त्याची आई भागीरथी शेडच्या दारात उभी होती.

"त्यांनी नाही ठोकली. मी ठोकली."

"तू?"

"मला शिकवत होते, कारखान्याच्या मागच्या रस्त्याला. भिंत समोर आली आणि माझा पाय भलतीकडेच पडला. बायकोला हसतील म्हणून त्यांनी कल्याणला नेऊन गुपचूप काम करून आणलं." ती गाडीजवळ आली. "पुन्हा शिकवतो म्हणून किती मागे लागले होते. मीच कधी बसले नाही."

बबनने नाथाच्या हातातली करवत काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

भागीरथी गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेली. पदर खोचून स्टिअरिंगसमोर बसली. सीटची धूळ लुगड्याला लागली, तिकडे तिने पाहिलंही नाही.

"खांब ओढून सरळ करा," ती म्हणाली. "आणि बबन, मला पहिल्यापासून शिकवायला नको. तिसऱ्या गियरपर्यंत मला येत होतं."