दगडाची दुसरी बाजू

बंद गोदामातली शे-सव्वाशे माणसं टाचा उंचावून बघत होती. समोर उभ्या माणसाने काळा दगड म्हातारीच्या छातीला टेकवला, मग टेबलावर ठेवून त्यावर ‘जीवजल’ शिंपडलं. दगड फसफसला.

“दुखणं उकळतंय बघा.” त्याने दगड तीनदा गरगर फिरवला आणि पुन्हा थेंब सोडले. आता फेस नाही. “गेलं. पृथ्वीच्या पोटातला दगड आहे, माणसाच्या पोटातलं ओळखतो. गोळ्यांचा मात्र त्याला राग. त्या बंद.”

म्हातारी त्याची आईच. आठ दिवस तिने हृदयाच्या गोळ्यांना हात लावला नव्हता, आणि पाय सुजून टम्म झाले होते.

गर्दीतून ताई पुढे आली. प्रयोगशाळेत वीस वर्षं दगड कापणारी ही त्याची मोठी बहीण. स्वतःचं अक्षर ओळखावं तसा तिने कडेचा करवतीचा ओरखडा ओळखला.

“हा माझ्या टाकाऊ टोपलीतला.”

“ताई, घरी बोलू.”

“कौतुकाने तुला सगळं दाखवलं, ते काय यासाठी?” तिने दगडावर फासलेली काळी शाई पुसली. एका बाजूला पांढरे ठिपके उमटले. “कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी थिजलेला लाव्हा आहे हा. भूखंडं एकमेकांवर आदळली, तेव्हा तळ वर ढकलला गेला. बुडबुड्यांच्या भोकांत मागाहून चुना साचला. मूळ लाव्हा कशाचा होता हे तपासताना तो चुना घोळ करतो, म्हणून असले तुकडे मी बाजूला काढते. आणि जीवजल म्हणजे आमचं पातळ अ‍ॅसिड. ते पडलं की चुना फसफसतो.”

कोणाच्याही छातीला न लावता तिने ठिपक्यांवर थेंब टाकले. फेस आला. दगड उलटला, काही नाही.

“आता सांगा, या टेबलाला कसलं दुखणं होतं?”

आई मुलाकडे बघत होती. “तुला ठाऊक होतं?”

“तू बरी झालीस म्हटलं की लोक येतात, आई.”

“सांगितलं असतंस तर तुझ्यासाठी खोटंही बोलले असते रे. मी खरं मानलं.”

ताई लोकांकडे वळली. “आपलं माणूस सांगतंय म्हणून मानू नका. दगड मागा, उलटून बघा.”

तिने आईपुढे गोळी आणि पाण्याचा पेला धरला. आईने आधी दगड उलटला, पेल्यातले चार थेंब ठिपक्यांवर सोडले आणि वाट पाहिली. फेस आला नाही.

मगच ती प्यायली.