चार मिलिलीटर

पाण्याकडे पाहण्यासाठी ती खाली बसायची. उभ्याने नाही, नुसतं वाकूनही नाही. एका हाताने निऱ्या सावरत, दुसरा हात टेबलाच्या कडेला टेकवत, गुडघ्यांची बारीक कटकट होऊ देत ती हळूहळू उतरायची आणि डोळे काचेतल्या पाण्याच्या बरोबरीला आले की थांबायची. त्या क्षणी खिडकीतला उजेड मोजपात्रातून आरपार जाऊन तिच्या गालावर एक थरथरती पांढरी रेघ काढायचा. पाणी काचेला बिलगून कडेने थोडं वर चढतं आणि मधे खोलगट होतं. त्या खोलगट भागाचा सगळ्यांत खालचा बिंदू ज्या रेषेवर असेल, तोच आकडा खरा. हे सांगताना तिचा आवाज आपोआप हलका होई, जणू मोठ्याने बोललं तर पाणी हलेल.

ती म्हणजे माझी मोठी बहीण, सुमनताई. ग्वाल्हेरातल्या मुरारच्या एका मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लष्कर भागातल्या आमच्या घरून ती सकाळी टेंपोत बसून जाई आणि दुपारी उन्हाने तांबूस झालेला चेहरा, बोटांवर खडू आणि पदराला कसलातरी आंबूस वास घेऊन परत येई. तिने लग्न केलं नव्हतं, मी नवरा गेल्यावर तिच्याकडे राहायला आलेले. घरात आम्ही दोघीच. कामांची वाटणी न बोलता झाली होती. वस्तू कशाच्या बनल्या आहेत हे तिने पाहायचं, त्या किती उरल्या आहेत हे मी. मी एका कार्यालयाच्या भांडारात नोकरी करते. याद्या करणं हे माझं काम, आणि आता तर स्वभावही.

तिचे ऋतूसुद्धा पदार्थांतून येत. ग्वाल्हेरची थंडी तिच्यासाठी खोबरेल तेलाच्या बाटलीत सुरू होई. पौषातलं धुकं किल्ला गिळून टाकी, तेल बाटलीत पांढरं आणि मुकं होऊन बसे, आणि ताई ती बाटली घेऊन गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात उभी राही, कडेने सुटत जाणारा पहिला थेंब पाहण्यासाठी.

‘‘बघ छोटी, कण तेच आहेत. फक्त एकमेकांचे हात सोडतायत.’’

पन्नाशी ओलांडली तरी मी तिची छोटीच होते.

‘‘तू त्यांचे हात सोडवत बस,’’ मी म्हणायची, ‘‘माझी वेणी राहू दे तशीच. ऑफिसात सांगते, तेल वितळायचं होतं.’’

उन्हाळ्यात ती माठाच्या ओलसर पोटावर तळहात ठेवून उभी राही. जाणारं पाणी उरलेल्या पाण्याची ऊब घेऊन जातं, म्हणून उरलेलं गार होतं, एवढंच ती सांगे. मी तेव्हा माठात किती पाणी आहे ते पाहत असे.

अणू शिकवताना ती फळ्यावर आपल्या किल्ल्याची लांबट रेघ काढी. अणू एवढा धरला, तर त्याचं केंद्रक मधोमध ठेवलेल्या एका लिंबाएवढं. बाकी सगळं रिकामं. आणि इलेक्ट्रॉन? तो नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही, कुठे असू शकेल एवढंच सांगता येतं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘‘मैडम, सब खाली है तो दीवार में हाथ क्यों नहीं घुस जाता?’’ त्या दिवशी ताई घरी आली ती चप्पलही न काढता स्वयंपाकघरात. ‘‘छोटी, काय प्रश्न विचारला ग पोरीने! मजा आली.’’ चहा गार होईपर्यंत तिने मला उत्तर सांगितलं. जागा रिकामी असली तरी मोकळी नसते. तिथे न दिसणारा विरोध असतो, तो हाताला अडवतो. मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. आता तिची खाट काढून टाकली आहे. त्या कोपऱ्यात शिलाईयंत्र सरकवायचं कितीतरी आठवडे माझ्या यादीत आहे. यंत्राला हात लावते, दोन पावलं ओढते, आणि थांबते.

तिची मूत्रपिंडं थकली तेव्हा ती निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. आठवड्यातून तीनदा कंपू भागातल्या रुग्णालयात डायलिसिससाठी न्यायचं, आधी वजन, नंतर वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे शरीरात साठलेलं पाणी. तिथल्या काट्यापाशी तिची एक जुनी विद्यार्थिनी काम करत असे. ‘‘मैडम, आज ढाई किलो बढ़ा है,’’ ती म्हणाली, तर ताई काट्यावरून उतरता उतरता, ‘‘ढाई नहीं, दो दशमलव चार. जो दिखे वही लिखो, बेटा.’’ शेवटचा अंक अंदाजाचा असतो, पण म्हणून तो सोयीचा करायचा नसतो, हे ती तिला शाळेतही सांगत आली होती. ती बिचारी खोडून पुन्हा लिहू लागली.

डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्याला मर्यादा घातली: दिवसाला आठशे मिलिलीटर, चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं धरून. मी त्याच संध्याकाळी फ्रीजवर कागद लावला. रोजच्या आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत शंभर. शाळेने काढून टाकलेलं, तोंडाशी टवका उडालेलं एक मोजपात्र ताईच्या कपाटात होतं. ते घासून ओट्यावर ठेवलं. शेजारी दुसरी यादी: केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही. ‘‘पोटॅशियम,’’ ती वाचून म्हणाली. ‘‘जन्मभर त्याला रॉकेलच्या बाटलीत कोंडून ठेवलं, आता सूड घेतंय.’’

पहिले काही महिने ती या कैदेशीही खेळली. बर्फाचा खडा मागायची आणि डोळे बारीक करून विचारायची, ‘‘हे तर पाणी नाही ना? स्थायू आहे.’’ मी तसाच दुसरा खडा वितळवून, मोजून चौकट भरायची. ‘‘अवस्था बदलली तरी पदार्थ तोच,’’ मी तिचंच वाक्य तिला परत करायची, आणि ती खुदकन हसायची: ‘‘इतकी वर्षं नापास होत होतीस, आता पास झालीस.’’ हळूहळू हसू आटत गेलं. ओठांना भेगा पडल्या, जीभ बोलताना टाळूला चिकटू लागली. पाण्याचा ग्लास ती दोन्ही हातांत धरी, लगेच पीत नसे; आधी त्याकडे बघत राही, पूर्वी वर्गात बघायची तशी.

मी मात्र उभ्यानेच मोजायची. ओट्यापाशी गॅस, कुकर, औषधांची डबी, ऑफिसची पिशवी. वरून एक नजर, शंभरच्या रेषेला पाणी टेकलं की ओतलं, खूण केली. खाटेवरून तिला ओटा दिसायचा. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली होती, ‘‘छोटी, डोळा पातळीला आण ग. वरून बघितलं की चुकतं.’’ मी म्हटलं, ‘‘इथे प्रयोगशाळा नाहीये, ताई. मला नऊची बस आहे.’’  पुढे कितीतरी दिवस तिने तो विषय काढला नाही.

मग मे महिना आला. बाहेर लू वाहत होती, खिडकीची काच हात लावू देत नव्हती, आणि कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास खोलीभर फिरत होता. पाण्याचा वास, जो तिला घेता येत होता पण पिता येत नव्हता. रविवार होता. दुपारी चारलाच आठही चौकटी भरल्या होत्या.

‘‘छोटी, थोडं पाणी दे.’’

‘‘ताई, आजचं झालं. आठही खुणा झाल्या.’’

‘‘दोन घोट ग.’’

‘‘उद्या सकाळी कंपूला जायचंय. वजन जास्त भरलं तर बोलणी मला बसतात.’’

तिने मान वळवून ओट्याकडे पाहिलं. ‘‘तू अजून उभ्यानेच बघतेस,’’ ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. वहीतली चूक बोटाने दाखवावी, तेवढंच.

‘‘आता पुन्हा शाळा नको,’’ मी म्हणाले, आणि ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला. ओठ कापसामागे थोडे आले.

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रिक्षा दाराशी येण्याआधी, ती गेली. मी रुग्णालयाची फाईल पिशवीत भरत होते.

मोजपात्र धुऊन ठेवायचं हे काम तेराव्यानंतरच्या यादीत पहिलं होतं. श्रावण निम्मा सरेपर्यंत ते मी पुढे ढकललं. त्या दुपारी ते विसळून सवयीने शंभरपर्यंत भरलं, आणि गुडघा दुखत होता म्हणून ओट्यासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसले. पाणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते शहाण्णववर होतं.

मी उठले. शंभर. पुन्हा बसले. शहाण्णव. पाणी हललं नव्हतं, काच हलली नव्हती. किती वेळा उठले आणि बसले, त्याची नोंद नाही.

चार गुणिले आठ, बत्तीस. बत्तीस मिलिलीटर एका वाटीत काढून मी पिऊन पाहिलं. बरोबर दोन घोट झाले. रोज एवढं मी तिचं तिला कमी दिलं होतं, आणि त्याच्यासमोर पूर्ण दिल्याची खूण केली होती. त्या रविवारी तिने जे मागितलं ते जास्तीचं नव्हतं. ते तिचंच होतं.

पुढच्या वेळी राहिलेली कागदपत्रं घ्यायला कंपूला गेले, तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढ्याने काहीच फरक पडला नसता, उलट पाणी कमीच बरं. मी मान हलवली. त्यांचं खरं असणार. पण शरीराला फरक पडत नाही म्हणून जिभेला पडत नाही, असं कुठल्या तपासणीत येतं?

तिला आकडाही ठाऊक असणार. तीस वर्षं मुलींच्या हातून हीच चूक होताना तिने पाहिली होती, आणि एकाही मुलीची ती तशी जाऊ दिली नव्हती. माझी तेवढी जाऊ दिली. कधी वाटतं, ती थकली होती. कधी वाटतं, त्या घरात मी केवळ त्या आठ चौकटींच्या आधारावर उभी आहे, हे तिला खाटेवरून दिसलं असावं, आणि त्या हलवायला नकोत म्हणून तिने रोजचे दोन घोट सोडले. यातलं कुठलं खरं, हे मला विचारता येत नाही. आणि जे जास्त प्रेमाचं आहे, तेच जास्त दुखतं.

याद्या मी अजून करते. दूध, वीजबिल, गुडघ्याचं तेल. दिवस रांगेत येतात आणि खोडले जातात. फक्त दुपारी चारच्या सुमाराला, घरात कुणी काही बोलत नसताना, माझा हात आपोआप नळाकडे जातो, भांडं काठोकाठ भरतो, आणि मग ते कुणाला नेऊन द्यायचं हे न कळून तिथेच थांबतो. माणूस गेल्यावर आठवणीत राहतं म्हणतात. माझी ताई तिच्या तहानेसकट राहिली आहे, आणि इतका काळ वाहून जातो आहे, तरी त्यातला एक घोटही तिच्यापर्यंत पोचत नाही.