दस्तगीरभाऊंचा डावा डोळा

मित्रांनो, तळेगावजवळच्या आंबी गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी टेबलावर बोल्टने घट्ट बसवलेला मी एक जुना ग्राइंडर आहे. छिन्न्यांना धार लावणे, लोखंडाच्या कडा घासून गुळगुळीत करणे हे माझे काम. माझ्या दगडी चाकातून ठिणग्या उडतात. त्या माणसाच्या तोंडावर जाऊ नयेत म्हणून कारखान्याने मला जन्मतःच एक जाड काच दिली होती.

अकरा वर्षे माझ्यासमोर परंदवडीचे दस्तगीरभाऊ उभे राहिले. चाक सुरू करण्याआधी ते बोटाने टकटक करून त्याचा आवाज ऐकत. चाकाला तडा असेल तर आवाज बसका येतो, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवले. इतक्या मायेने मला कुणी हाताळले नव्हते.

गेल्या वर्षी मोठी ऑर्डर आली. काचेवर धूळ बसायची, ती पुसण्यात वेळ जायचा. एका सकाळी सुपरवायझर दिगंबरसाहेब पाना घेऊन आले आणि त्यांनी माझी काच काढून टाकली.

"साहेब, ठिणग्या सरळ तोंडावर येत्याल," दस्तगीरभाऊ म्हणाले.

"दोन दिवसांचं काम आहे, भाऊ. गॉगल मागवलेत."

गॉगल आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या चाकाचा एक कण उडाला. तांदळाच्या कणीएवढाच होता. दस्तगीरभाऊ डावा डोळा धरून खाली बसले. ओरडले नाहीत. "आधी मशीन बंद करा," एवढेच म्हणाले. कुणीतरी बटण दाबले. पण मित्रांनो, बटण बंद केल्यावरही माझे चाक काही वेळ गरगरत राहते. त्यांच्या बोटांमधून रक्त ठिबकत होते आणि मी फिरतच होतो. शेडमध्ये कुणी नसले की ती घरघर मला अजून ऐकू येते.

त्यांना तळेगावच्या दवाखान्यात नेले. डोळा वाचला नाही. इकडे दिगंबरसाहेबांनी त्याच संध्याकाळी माझी काच पुन्हा बसवली.

भरपाईचा दावा दाखल झाला. मालकांनी लिहून दिले, 'कामगाराने स्वतःच काच काढली होती.' हे खरे ठरले असते, तर दस्तगीरभाऊंना काहीच मिळाले नसते. चौकशीला अधिकारी आले, माझ्यासमोर उभे राहिले. मी सारे पाहिले होते, पण मला वाचा कुठे? कामगार माना खाली घालून उभे होते.

तेवढ्यात शेडची झाडलोट करणाऱ्या सरुबाई हातातल्या झाडूसकट पुढे आल्या. "साहेब, काच भाऊंनी न्हाई काढली. मी हितंच झाडत हुते. दिगंबरसाहेबांनी काढली आन् त्यांनीच परत लावली."

"मावशी, हे लिहून घेऊ?"

"लिवा. सही करते मी."

अधिकाऱ्यांनी दिगंबरसाहेबांकडे पाहिले. साहेब माझ्या काचेकडे वळले. मग हळूच म्हणाले, "व्हय. मीच काढली." शहरी बोलणारे ते साहेब त्या क्षणी आपल्या गावच्या बोलीत बोलले.

भरपाई मंजूर झाली. सरुबाईंना मात्र महिनाभरात कामावरून कमी केले.

नंतर एकदा दस्तगीरभाऊ आपला डबा आणि कपडे न्यायला आले. सोबत त्यांची बायको जैनब होती. तिला दारात थांबवून ते माझ्याजवळ आले आणि काचेला हात लावायला गेले. हात चार बोटे अलीकडेच थांबला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. हवेत चाचपडत त्यांनी काच शोधली.

"बसवली व्हय," ते म्हणाले. "बरं झालं."

ते गेले. मी अजून इथेच आहे. रोज कुणीतरी माझ्यासमोर उभे राहते आणि चाक सुरू झाले की मी भीतीने थरथरतो. लोकांना वाटते, माझे बोल्ट सैल झालेत.

मित्रांनो, तुमच्याही घरातले कुणी कामावर जात असेल. ते परतले की विचारा, आज डोळ्यांवर काय लावले होते? ते चिडतील, हसण्यावारी नेतील. तरी उद्या पुन्हा विचारा.