कपाटातला सर्व्हर

लिफ्ट निरीक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सासऱ्यांकडे तपासायला फक्त घर उरले. दाराच्या बिजागऱ्या, गॅसची नळी, गॅलरीचा कठडा हे सगळे तपासून झाले आणि एका सकाळी ते बैठकीच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटापाशी येऊन ठेपले. आत एक काळी पेटी होती. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते आणि धूळ साचली होती. यंत्र पुसण्यापूर्वी त्याची वीज तोडायची, हा त्यांचा नोकरीभर पाळलेला नियम. तो त्यांनी याही वेळी पाळला.

आतल्या खोलीतून सून धावत आली.

"बाबा, बंद केलंत? अहो, गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी आहेत माझ्या! हात नका ना लावू त्याला!"

खरे तर जनावरांच्या डॉक्टरांची वेबसाइट नव्या जागी हलवण्याचे काम तेवढे अर्ध्यात तुटले होते आणि ते तिला पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार होते. पण वैतागलेला माणूस थोडक्यात बोलतो. सासऱ्यांनी प्लग परत लावला, फडके घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "चुकलं माझं. यापुढे याला कोणी हात लावणार नाही."

हा शब्द त्यांनी इतक्या निष्ठेने पाळला की आठवड्याभरात कपाटाला जाळीचे दार बसले. उन्हाची तिरीप आत जाऊ नये म्हणून खिडकीचा पडदा बदलला. त्यांचा मुलगा कपाटासमोर ओला टॉवेल झटकू लागला की बाबा गरजत, "अरे, लोकांची दुकानं आहेत त्यात!" मुलगा दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत असे. आपल्या कामाबद्दल घरात कोणी असे कधी गरजले नाही, याची त्याला मजा वाटे आणि किंचित वाईटही.

वेबसाइटी त्या पेटीतच राहतात, म्हणजे तीच सर्व्हर, हा सासऱ्यांचा गैरसमज सुनेने दूर केला नाही. आधी वेळ मिळाला नाही म्हणून, आणि मग सांगायचे कसे ते सुचेना म्हणून. तिच्या धंद्यात तिच्या मालकीचे यंत्र एकही नव्हते. दूर कुठल्या तरी देशातल्या एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर होते. त्यांतली बरीचशी जागा तिने ठोक भाड्याने घेतली होती आणि तिचे लहान लहान भाग पाडून ती डॉक्टरांना, शिकवणीवाल्यांना, दुकानदारांना स्वतःच्या नावाने देत होती. कंपनीचे नाव गिऱ्हाइकाला कुठेही दिसत नसे. गिऱ्हाईक पाच असोत की पन्नास, वर द्यायचे भाडे तेच. त्यामुळे सुरुवातीची गिऱ्हाइके कंपनीची आणि त्यानंतरची तिची, असा सरळ हिशेब होता. सध्या ती बरोबर त्या सीमेवर उभी होती.

अशाच एका कंपनीच्या मदतकेंद्रात तिने पूर्वी नोकरी केली होती. कानाला हेडफोन, समोर छापील वाक्ये, आणि बोलणे जरा लांबले की पाठीमागे येऊन उभा राहणारा साहेब. गिऱ्हाइकाचे ऐकून घेतल्याबद्दल तिला दोनदा समज मिळाली होती. तो साहेब अजूनही फोन करी : "तुमची खुर्ची रिकामी ठेवली आहे बरं का." वर्षअखेरपर्यंत धंद्यातून घरात पगाराइतके काही आले नाही तर त्या खुर्चीत परत जायचे, असे तिचे नवऱ्याशी ठरले होते. वर्ष संपत आले होते.

तशात गादीवाल्यांचा फोन आला. फर्निचरच्या गल्लीतले हे सगळ्यात जुने दुकानदार आणि गल्लीच्या संघटनेचे अध्यक्ष. ते आले की गल्ली येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"ताई, वेबसाइट तुमच्याकडे ठेवायची म्हणजे नक्की कुठे ठेवायची?"

"सर्व्हरवर, काका."

"तो असतो कुठे?"

"सुरक्षित जागी असतो."

"मग बघायला येऊ का? माल कुठल्या गोदामात पडणार ते बघितल्याशिवाय मी आजवर गादी ठेवलेली नाही."

"या की. कधीही या," ती म्हणाली. मदतकेंद्राची ही सवय काही सुटत नव्हती. गिऱ्हाईक काहीही म्हणाले तरी आधी हो म्हणायचे, पंचाईत नंतर.

पंचाईत दुसऱ्याच दिवशी आली. सून जनावरांच्या डॉक्टरांना ईमेल शिकवायला गेली असताना गादीवाले दारात उभे राहिले.

"सर्व्हर बघायला आलोय," ते म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. यंत्र वापरणाऱ्याला यंत्राची खोली पाहण्याचा हक्क आहे, हे मत त्यांनी नोकरीत अनेक सोसायट्यांच्या चिटणीसांना ऐकवले होते, आणि आजवर एकाही चिटणीसाला ती खोली पाहायची नव्हती. हा पहिला भला माणूस.

"या, या. चपला तिथे काढा. धूळ नको."

त्यांनी जाळीचे दार उघडले. गादीवाल्यांनी पेटीवर तळवा टेकला आणि गादी दाबून पाहावी तसे हलकेच दाबले.

"गरम आहे."

"चालू यंत्र गरमच असायचं. गार लागलं तर काळजी."

"लहान वाटतं पण. आमचं सगळं दुकान मावेल?"

"जनावरांचे डॉक्टर मावलेत सबंध," सासरे म्हणाले.

"रात्री-अपरात्री कोण बघतं?"

"मी बघतो. मला तशीही झोप कमी."

गादीवाल्यांनी सगळीकडे नजर फिरवली, पडदा पाहिला, जाळी पाहिली. मग एकदम जवळ येऊन म्हणाले, "आमची जरा वरच्या बाजूला ठेवा. खाली ओल धरते."

सून घरी आली तेव्हा सासरे जिना उतरून तिला सामोरे गेले. "सूनबाई, गादीवाले पक्के झाले! आणि हे बघ, वरच्या बाजूला जागा कर हं. मी शब्द दिलाय."

ती खालच्याच पायरीवर बसली.

संध्याकाळी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि न्यायाधीशाच्या सुरात निकाल दिला. "तू खोटं बोललीस का? नाही. बाबा खोटं बोलले का? नाही. गादीवाले तर बोलूनचालून साधे. मग खोटं बोललं कोण?"

"तू गप्प बस."

"मी म्हणतो, गल्ली येऊ दे आधी. कवळी बसल्यावर कुणी विचारत नाही दात कुणाचे ते."

ती हसली, आणि तीन-चार दिवस खरोखरच गप्प राहिली. गादीवाल्यांची वेबसाइट तिने चढवली, उत्तम चालली. पण सासरे रोज सकाळी पेटीपाशी जाऊन कान लावत आणि समाधानाने मान हलवत, तेव्हा ती चहा अर्धा सोडून उठे. मग गादीवाल्यांचा पुन्हा फोन आला. रविवारी सगळी गल्ली सर्व्हर पाहायला येणार होती.

सासऱ्यांनी शनिवारची सकाळ तयारीत घालवली. कपाटासमोर फरशीवर पिवळी पट्टी ओढली. जाळीला एक पाटी लावली : 'एका वेळी चार व्यक्ती. झुकू नये.' खाली स्वतःची सही केली आणि तारीख घातली. ही सही सून बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, बसता जरा?"

"बोल की."

"बाबा, ती पेटी सर्व्हर नाही. आपल्या घरात इंटरनेट येतं ना, ते वाटणारी पेटी आहे ती. राउटर म्हणतात. असली घरोघरी असते. सर्व्हर दुसऱ्या देशात आहेत, एका कंपनीचे. मी जागा भाड्याने घेते आणि पुढे देते. त्या दिवशी मी रागात बोलले, आणि नंतर... नंतर मला सांगवेना."

सासरे ब्रशवरचा पिवळा रंग कागदाला पुसत होते. ते पुसतच राहिले.

"म्हणजे मी महिनाभर राउटरवर पहारा दिला."

"हो."

"त्याचं काही नाही. माणूस रिकामा असला की देतो पहारा." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "पण मी सही केली ना तिथे. न पाहिलेल्या यंत्रावर मी नोकरीत एकदाही सही केली नाही. बिल्डर पाया पडले, साहेब चिडले, तरी नाही केली. ती तू माझ्याकडून करवलीस."

तिचे डोळे भरून आले, तेव्हा तेच म्हणाले, "आता रडू नकोस. मला काय विचारायचंय ते विचारू दे. तू तरी पाहिलंयस ते यंत्र?"

"नाही."

"दोर किती?"

"दोर?"

"लिफ्ट एका दोरावर टांगत नाहीत. एक तुटला तर दुसरा धरतो. तुझ्या लोकांची दुकानं किती दोरांवर आहेत?"

"दोन," ती चटकन म्हणाली. हे तिने पहिल्याच दिवशी केले होते आणि आजवर कोणी विचारले नव्हते. "सगळ्याची रोज एक नक्कल होते आणि ती वेगळ्याच कंपनीकडे जाते. ही कंपनी उद्या बुडाली तरी दुकानं दुसरीकडे उभी करता येतात. मी करून पाहिलंय."

"करून पाहिलंयस," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज थोडा सैल झाला. "मग ठीक आहे."

"मी गादीवाल्यांना फोन करून नका येऊ म्हणून सांगते. खरं काय तेही सांगते."

"फोनवर नाही. चुकीचा दाखला जिथे लावला तिथेच उभं राहून काढायचा असतो. येऊ देत त्यांना."

रविवारी गल्ली आली. गादीवाले पुढे, पाठोपाठ आरशांच्या दुकानाच्या बाई, खुर्चीवाले बंधू, कुलूपवाले, आणि आणखी काही जण. खोलीत चपलांचा ढीग झाला. गादीवाले आधीच बोलायला लागले होते, "मी म्हटलं नव्हतं? जाळी बघा, पडदा बघा. हात लावून पाहिलाय मी, चांगला गरम..."

"काका," सून मध्येच म्हणाली, "तो सर्व्हर नाही."

आणि तिने सगळे सांगितले. राउटर, दूरचा देश, भाड्याची जागा. तिने स्वतःला वाचवण्यासाठी एकही वाक्य वापरले नाही. छापील वाक्यांपैकी तर एकही नाही.

आरशांच्या बाईंना हसू आवरेना. "अध्यक्ष, म्हणजे तुम्ही वरची बाजू कशाची मागितलीत हो?"

गादीवाले लाल झाले. "मी घरी सांगितलं, डोळ्यांनी पाहिला म्हणून! गल्लीत सांगितलं! आता मी तोंड कुठे लपवू, ताई?"

"चूक माझी आहे, काका. तुमचे पैसे परत करते. वेबसाइट हवी तिथे हलवूनही देते."

खुर्चीवाल्या धाकट्याने चप्पल शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात सासरे पिवळ्या पट्टीपाशी जाऊन उभे राहिले.

"एक मिनिट. आला आहात तर चाचणी पाहून जा."

"कसली चाचणी?" कुलूपवाल्यांनी विचारले.

"लिफ्टचा ब्रेक बोलून कळत नाही. वीज तोडायची आणि लिफ्ट कोसळते की थांबते ते बघायचं. सगळ्यांनी आपापले फोन काढा. इंटरनेट स्वतःचंच वापरा, आमचं नको. गादीवाल्यांचं दुकान उघडा."

फोन निघाले. गाद्यांची रांगोळीसारखी मांडलेली चित्रे दहा पडद्यांवर उमटली.

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिले. मग कपाटात हात घातला आणि प्लग ओढला. हिरवे दिवे विझले. आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "अरे, मॅच गेली!"

"आता बंद करून परत उघडा," सासरे म्हणाले.

सगळ्यांच्या माना खाली. गादीवाल्यांनी अंगठा दोनदा दाबला.

"उघडलं," आरशांच्या बाई म्हणाल्या.

"माझ्याकडेही," कुलूपवाले म्हणाले. "उलट लवकर उघडलं."

"हे घर उद्या पाण्यात गेलं तरी दुकान उघडंच राहील," सासरे म्हणाले. "पेटीत असतं तर आता तुम्ही सगळे अंधारात असता. मी सही केली होती ती चुकीची होती. ती मी काढतो." त्यांनी पाटी उतरवली आणि चार तुकडे केले. "यंत्र मी पाहिलेलं नाही, त्यामुळे यंत्रावर सही करणार नाही. चाचणी पाहिली, तिच्यावर करतो."

गादीवाल्यांनी फोन खिशात टाकला. "आणि खरंच बंद पडलं तर? त्या दूरच्या देशात मी कुणाला ओरडू?"

"मला," सून म्हणाली. "त्यांना मी ओरडीन."

"फोन उचलाल?"

"आजवर कुणाचा राहिलाय?"

"तो नाही राहिला," गादीवाल्यांना मान्य करावे लागले. "परवा अर्धा तास बोललात. मीच कंटाळलो." मग ते गल्लीकडे वळून करड्या आवाजात म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलं असं मी सांगितलं होतं. आता तुम्हीही पाहिलंत. काय पाहिलं ते कुणी बाहेर फार खोलात सांगायचं नाही."

खुर्चीवाले बंधू आले नाहीत. थोरल्याचे म्हणणे पडले की न दिसणाऱ्या गोष्टीला भाडे कसले. पण आरशांच्या बाई आल्या, कुलूपवाले आले, आणि त्यांच्यामागून गल्लीतले बहुतेक जण आले. सीमा ओलांडली गेली. वर्षअखेरीस साहेबांचा फोन आला तेव्हा सुनेने त्यांना सांगितले की खुर्ची कुणाला तरी द्या, आणि हवी असेल तर चांगली नवी खुर्ची गल्लीत मिळते.

एक अट मात्र गादीवाल्यांनी घातली, आणि ती पुढे सगळ्यांच्याच करारात गेली. महिन्यातून एकदा सासऱ्यांच्या देखरेखीखाली चाचणी व्हायची. कुठल्या तरी एका दुकानाची दुसऱ्या दोरावरची नक्कल उघडून पाहायची, ती नीट निघाली तरच सासरे सही करत. कोणते दुकान ते चिठ्ठी टाकून ठरे. त्याआधी ते राउटरचा प्लग ओढत. आता याची काहीच गरज नव्हती, हे सुनेने त्यांना दोनदा समजावले होते.

"मला ठाऊक आहे," ते म्हणत. "पण चाचणीची सुरुवात वीज तोडूनच होते."

आणि आतल्या खोलीतून दर वेळी तोच आवाज येई. "बाबा, निदान ओव्हर तरी संपू द्या!"