गोगलगायींचं तेज

हौदाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. पाण्यात लिंबाएवढ्या गोगलगायी आणि काठावर पाय सोडून बसलेल्या बायका.

"डबक्यात मिळते ती बोराएवढी," बुवा सांगत होते. "माझ्या मंत्राने एवढी झाली. हेच तेज तुमच्या कुशीत उतरणार. संध्याकाळी पायांना टोचलं, की समजा, तेज आत शिरलं."

"मला कालच टोचलं," शिंपीण कौतुकाने म्हणाली आणि पुरळाने लाल झालेल्या पोटऱ्या दाखवू लागली.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना ते पुरळ बघून शंका आली. त्यांच्या धाकट्या बहिणीने मूल व्हावं म्हणून चाललेले दवाखान्यातले उपचार अर्ध्यावर सोडले होते, आणि आता ती चपला काढत होती.

"थांब गं जरा."

"ताई, तुझी शाळा इथे नको. दोन लेकरांच्या आईला बोलायला काय जातं?"

घाव वर्मी बसला. तरी बाईंची नजर हौदाच्या भिंतींवरून फिरत राहिली. शाळेतल्या काचेच्या पेटीत चिमुकल्या गोगलगायी अंड्यांचे चिकट पुंजके थापून काच आंधळी करतात. इथे भिंती लख्ख.

"बुवा, यांची अंडी कुठेत?"

"व्रतस्थ आहेत त्या," बुवा अडखळलेसुद्धा नाहीत. "स्वतःचा वंश थांबवून तुमचा वाढवतात."

"मग एक द्या बघायला."

बुवांना गर्दीसमोर नाही म्हणता येईना. बाईंनी ती गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या पेल्यात घालून उन्हात ठेवली. काही वेळाने पाण्यात कण वळवळू लागले. धाकटीने बाईंच्या पिशवीतल्या भिंगातून पाहिलं.

"शेपट्या आहेत यांना."

"कृमींची पिल्लं. गोगलगायीच्या पोटात राहून तिची अंडी तयार होण्याची जागाच खातात. अंडी थांबली, की तिकडे जाणारं अन्न अंगावर चढतं आणि ती अशी फुगते. बुवांनी डबक्यातल्या मोठ्या तेवढ्या वेचल्या, म्हणजे नेमक्या आजारी. ही पिल्लं पाण्यात उतरतात आणि आपल्या कातडीत घुसतात. तेच ते टोचणं."

"तेच तर तेज," बुवा म्हणाले.

"मग घाला की पेल्यात बोट," पोटरी खाजवत शिंपीण म्हणाली.

बुवांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

धाकटी पेल्याकडे बघत राहिली. "जिची स्वतःची कूस पोखरलीय, तिच्याकडे मी मूल मागत होते." मग हळूच म्हणाली, "पण डॉक्टरही खात्री देत नाहीत गं."

"नाही देत. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतात, म्हणून त्यांच्याकडे जायचं. छातीठोक खात्री देणाऱ्याला मात्र आधी पुरावा मागायचा."